दुभाष्याची निवृत्ती

आमच्या क्षेत्रातली एक निवृत्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली, आणि ती हार-नारळाशिवायच. 'पायथन' ही संगणकाची भाषा आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं शाळेत शिकत असतील. ती कुणा एका कंपनीच्या मालकीची नाही. जगभरचे लोक, त्यातले पुष्कळसे बिनपगारी, ती सांभाळतात. तिच्या ३.१३ या आवृत्तीतून 'टू-टू-थ्री' नावाचं अवजार काढून टाकलं.

हे अवजार म्हणजे दुभाषाच. डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३ आली, ती जुन्या २ शी न जुळणारी. जुने प्रोग्रॅम तिच्यात चालेनात. हजारो ओळी हाताने कोण बदलणार? मग टू-टू-थ्रीला फाईल द्यायची. ते 'प्रिंट'ला कंस लावायचं, 'एक्सरेंज'चं 'रेंज' करायचं. माझ्या एम. एस.च्या प्रबंधाचे प्रोग्रॅमसुद्धा मी त्याच्याकडूनच बदलून घेतले. (इथे नवा आलो तेव्हा माझ्याही डोक्यात असंच एक यंत्र चालायचं. कॉफी दीड डॉलर, म्हणजे सत्तर रुपये, नको रे बाबा! ते कधी बंद पडलं, कळलंही नाही.)

पण शब्द बदलणं वेगळं आणि अर्थ सांभाळणं वेगळं. पायथन २ मध्ये ७ भागिले २ केलं की उत्तर ३ यायचं. पायथन ३ मध्ये साडेतीन. दुभाषा भागाकाराच्या चिन्हाला हातच लावत नसे. प्रोग्रॅम बिनतक्रार चालायचा, उत्तर मात्र वेगळं! तिथे माणसालाच बसावं लागे.

"कुणाला त्रास देत नव्हतं, तर काढलं कशाला?" माझ्या लेकीने विचारलं. प्रश्न रास्त आहे. आमच्या पुण्याच्या घरी माळ्यावर पितळी बंब आहे. तो काढू म्हटलं की आई म्हणते, "असू दे रे, काय खायला मागतोय का?" अवजार मात्र खायला मागतं. २०२० साली पायथन ३.९ मध्ये वाक्यं वाचणारा भागच नवा आला. दुभाष्याकडे जुनाच राहिला. पुढची नवी वाक्यरचना त्याला वाचताच येईना. ती शिकवायची तर कुणीतरी आपले शनिवार-रविवार घालायचे, आणि ते कशासाठी? पायथन २ चा आधार तर १ जानेवारी २०२० लाच संपला होता. २०२० मध्ये पूर्वसूचना, २०२२ मध्ये ताकीद, २०२४ मध्ये निरोप. नोकरीत माणसांनाही इतकी मुदत मिळत नाही हो!

तरी सगळ्यांचं भागलं असं नाही. एका मित्राच्या छोट्या प्रयोगशाळेत विहिरींच्या पाण्याचे नमुने तपासतात. तिथला हिशेबाचा प्रोग्रॅम पायथन २ मधला, आणि लिहिणारे गृहस्थ केव्हाच नोकरी सोडून गेलेले. मध्यंतरी त्याचा फोन आला, "अरे, ते टू-टू-थ्री गेलं कुठे?" म्हटलं, ३.१२ मध्ये आहे अजून, आणि त्या आवृत्तीची डागडुजी ऑक्टोबर २०२८ पर्यंत चालेल. ती बाजूला बसवून घे, मी रविवारी येतो.

भाषांतर पाच मिनिटांत झालं. मग भागाकाराची चिन्हं मोजली, ती निघाली एकशे चाळीस. पाण्यात नायट्रेट किती, हे त्यांच्यावरच ठरतं. दोन रविवारांत नव्वद तपासून झाली. उरलेली पन्नास येत्या रविवारी.