बटण सोडल्यावर

गेल्या रविवारची गोष्ट. सत्तरीतली जांभ्या दगडांची कच्ची वाट. मुलगा मोटारसायकलवर पुढे, मी मागे. दोघांकडे एकेक वॉकीटॉकी. ४४६ मेगाहर्ट्झचे हे अर्ध्या वॅटचे संच भारतात २०१८ पासून परवान्याशिवाय वापरता येतात. बटण दाबून बोलायचे, सोडून ऐकायचे. दोन्ही एकदम होत नाही.

"हळू चालव, ओहोळ आहे, गियर उतरव..." मी बटण सोडतच नव्हतो.

मग मध्ये डोंगर आला. या लहरी डोंगराआड पोचत नाहीत. नुसती खरखर. माझ्या पोटात गोळा. माथ्यावर पोचलो, हाका मारून दमलो आणि बटण सोडले.

"बाबा, केव्हापासून सांगतोय, पुढचा साकव मोडलाय. थांबा!"

घरीही तो असेच काही सांगत असेल का? हल्ली मी बोलून झाल्यावर जरा थांबतो.