टेलकडून हेडकडे

आण्णा आयुष्यात पहिल्यांदा ट्रेकला आले, ते आमचं भांडण झालं म्हणून.

इंदापूर तालुक्यात आमचं साडेतीन एकर रान आहे, नीरा डाव्या कालव्याच्या टेलला. टेल म्हणजे कालव्याचं शेपूट. १८७६-७७च्या दुष्काळानंतर इंग्रजांनी बांधलेला हा कालवा वीरपासून निघतो आणि पुरंदर, बारामती करत सुमारे दीडशे किलोमीटरवर आमच्याकडे येऊन संपतो. नियम असा की पाणी टेलकडून हेडकडे द्यायचं, म्हणजे शेवटच्याचं रान आधी भिजायचं. प्रत्यक्षात आमच्या चारीला पाणी दिसेपर्यंत आवर्तन संपत आलेलं असतं.

गेल्या उन्हाळ्यात दोन आवर्तनांच्या मधे आमचा खोडवा उभा वाळला. मी पुण्यातून फोन करून म्हणालो, "आण्णा, विकून टाकू. किती दिवस वाट बघायची?"

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, "पानी कुठनं येतं ते तरी ठावं हाय का तुला? आन् रान इकाय निघालाय."

फोन ठेवला. त्यानंतर आम्ही आईमार्फत बोलत होतो. दिवाळीतसुद्धा.

डिसेंबरात मी मित्रांबरोबर राजगडावर गेलो. संजीवनी माचीवरून दक्षिणेला भाटघरचं पाणी पसरलेलं दिसत होतं. फोटो काढला आणि घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला : 'आपलं पाणी इथनं येतं.' दुसऱ्या दिवशी आण्णांचा फोन आला. एकच वाक्य. "मला दाव."

जानेवारीतल्या एका शनिवारी ते इंदापूरहून एसटीने स्वारगेटला उतरले. पायात शेतातलेच बूट, पिशवीत आईने दिलेल्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. पहाटे साडेतीनला आम्ही मोटारसायकलवर निघालो. मार्गासनीत ओळखीच्या घरी गाडी लावली, जीपने पाली गाठलं आणि उजाडताना पाली दरवाज्याच्या पायऱ्या चढायला लागलो. बेत राजगड ते तोरणा असा होता. दोन्ही किल्ल्यांना जोडणारी डोंगराची धार दिवसभरात चालून जायची. मी आण्णांना सांगून ठेवलं होतं की मधल्या खिंडीत डांबरी रस्ता आहे, दमलात तर तिथून परत फिरू.

पद्मावती माचीवरच्या तळ्यापाशी ते पहिल्यांदा थांबले. तळं बघून म्हणाले, "एवढ्या वर पानी धरून ठेवलंय. आन् आमची चारी सपाटीवर असून गळती."

संजीवनी माचीवर मात्र ते बराच वेळ गप्प होते. खाली येळवंडीच्या खोऱ्यात भाटघरचा जलाशय डोंगरांच्या बोटांमध्ये शिरलेला. आत्ताचं धरण १९२८च्या सुमाराचं, साठा साडेतेवीस टीएमसी. एक टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटर, हे मी फोनवर हिशेब करून सांगितलं. त्यांनी आकडा ऐकून सोडून दिला.

"आपली पाळी यातली व्हय?"

"यातली, नीरा देवघरची आणि पलीकडच्या गुंजवणीचीपण. सगळं नीरेतच जातं."

"दोन्हीकडचं?"

मग मी बोटाने दाखवलं. आपण चालणार ती धार मधे. दक्षिणेला पडलेला पाऊस येळवंडीतून भाटघरला, उत्तरेला पडलेला कानंदी-गुंजवणीतून खाली. धारेवर थेंब कुठल्याही अंगाला पडू दे, शेवटी नीरेलाच मिळणार. आणि नीरा आमच्याच तालुक्याच्या टोकाला, नरसिंहपूरला, भीमेला मिळणार. तिथल्या संगमावर आण्णा लहानपणापासून जात आलेत.

आळू दरवाज्यातून उतरताना मी दोनदा हात पुढे केला. दोन्ही वेळा त्यांनी तो बाजूला केला. खाली धारेवर मात्र ते माझ्यापुढे चालायला लागले. बांधावरून चालणारा माणूस असा चालतो, पाय बरोबर एका रेषेत. मी दमलो, ते नाही. गवत वाळून पिवळं झालेलं, डाव्या हाताला सतत पाणी चमकत होतं. आमच्या बाटल्यांतलं पाणी मात्र अकरालाच संपलं.

खिंडीच्या अलीकडे धनगराचं एक घर लागलं. मावशी अंगणात शेण सारवत होत्या. ताक विचारलं तर म्हणाल्या, म्हशी आटल्यात. मग आतून तांब्या-पेला आणला. आण्णांनी एक पेला पिऊन तांब्या माझ्याकडे दिला. मी तो रिकामा केला आणि बाटली पुढे केली. तेव्हा आण्णांनी दाराआडच्या हंड्यांकडे बघितलं. दोनच होते. एक अर्धा.

"पानी कुठनं आणता?" त्यांनी विचारलं.

"झऱ्यावरनं. त्या टेपराच्या खाली. आत्ता बरं हाय. चैतात झरा आटला की खाली उतरायचं, न्हायतर टँकरची वाट बघायची."

"आन् हे येवढं धरण?"

त्या हसल्या. "त्ये बघाय हाय. आमच्या आजेसासऱ्याची भातखाचरं त्यातच गेली."

आण्णांनी माझ्या हातातली रिकामी बाटली घेतली आणि पिशवीत टाकली. "आमचं भागलं," म्हणाले. पिशवीतल्या भाकरींपैकी चार त्यांनी मावशींना दिल्या. त्यांनी दोनच घेतल्या.

पुढे बराच वेळ कुणी बोललं नाही. खिंडीत डांबरी रस्ता आला. उजवीकडे वेल्हे, डावीकडे भुतोंडे, येसाजी कंकांचं गाव. त्यांचंच नाव भाटघरच्या जलाशयाला दिलंय. मी म्हणालो, इथून उतरता येईल. आण्णा दगडावर बसले.

"तुझ्या आईचं माहेर म्हाईत हाय ना," ते म्हणाले. माहीत होतं. उजनीत गेलेलं. १९८०ला धरण पूर्ण झालं. पाणी खूप खाली गेलं की पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ वर येतं, मग मामा लोक बघायला जातात. भाटघरच्या पोटातही असंच कांबरेश्वराचं देऊळ आहे, उन्हाळ्यात उघडं पडणारं. तेही मी सांगितलं.

"मी आजवर वरच्यांना शिव्या दिल्या," आण्णा म्हणाले. "वरचे पानी वढत्यात म्हणून. ही बाई तर समद्यात वर हाय."

मला वाटलं, आता रान विकायला तयार होतील. माझ्या डोक्यात तेच होतं, खोटं कशाला सांगू. पण ते उठले आणि तोरण्याच्या दिशेला चालायला लागले.

बुधला माचीखालच्या घसाऱ्यावर त्यांचे बूट घसरत होते. घशाला कोरड पडली होती. एका टप्प्यावर त्यांनी स्वतःहून हात पुढे केला आणि मी धरला. मेंगाई देवीच्या देवळापाशी पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. गडावरच्या टाक्यातलं पाणी गाळून प्यायलो. आण्णांनी बाटल्या भरताना एक थेंब सांडू दिला नाही.

उतरताना म्हणाले, "ऊस कमी करतो. दीड एकर ज्वारी. रान न्हाय इकायचं."

"ज्वारीत काय मिळतं आण्णा?"

"भाकरी."

मी वाद घातला नाही. मला अजूनही वाटतं की त्या रानाचा हिशेब बसत नाही. त्यांना वाटतं, मला हिशेब येतो पण रान कळत नाही. यावर आमचं एकमत झालेलं नाही. फक्त आता आईमार्फत बोलत नाही.

मार्चअखेर रात्री दोनला फोन वाजला. आण्णा दारं धरायला गेले होते. मागून पाण्याचा आवाज येत होता.

"आलं का?" मी विचारलं.

"आलंय. घोट्याएवढं." मग थोडं थांबून, "त्या बाईचा झरा आटला आसंल का रं?"

मी कॅलेंडर बघितलं. चैत्र लागला होता.