वरळीच्या गच्चीवरील आश्विन पौर्णिमा

१९८६ साली सहामाही परीक्षा आटोपताच आम्हा दहावीच्या ३२ मुलांची सहल मुंबईस निघाली. राजगृह, चैत्यभूमी, बाबासाहेबांनी १९४६ साली सुरू केलेले सिद्धार्थ महाविद्यालय हे सारे दोन दिवसांत पाहून झाले. त्याविषयी इतर माजी विद्यार्थी लिहितीलच. आम्हांस सांगावयाचे आहे ते वरळीच्या बी.डी.डी. चाळीच्या गच्चीविषयी.

उतरण्याची सोय चाळीतील बौद्ध मंडळींनी केली होती. आम्ही पोहोचताच आमच्या वळकट्या थेट गच्चीवर नेण्यात आल्या. ते आम्हांस रुचले नाही. गावाकडे पाहुण्यास निदान ओसरीवर बसवतात; मुंबईची माणसे उंबऱ्याच्या आत घेत नाहीत, असे आम्ही आपापसांत बोललो. हळू बोललो, असेही म्हणता येणार नाही.

त्या दिवशी आश्विन पौर्णिमा होती, वर्षावासाच्या समाप्तीचा दिवस. सायंकाळी गच्ची झाडून, पाणी मारून त्यावर चादरी अंथरल्या गेल्या. त्रिशरण-पंचशील झाले. मग मजल्यामजल्यांवरून टोपल्या वर येऊ लागल्या. भाकऱ्या एका आकाराच्या नव्हत्या, कारण त्या एका घरच्या नव्हत्या. वरण, वांग्याची भाजी, भात आणि शेवटी मोठ्या पातेल्यात खीर. समुद्राकडून वारा येत होता. चांदण्यात गिरण्यांच्या चिमण्या दिसत होत्या. १९८२ च्या संपापासून त्यांतील कित्येक थंडच होत्या. ढोलकी आली, भीमगीते सुरू झाली. आमच्यातील एरवी वर्गात तोंड न उघडणारा एक मुलगा असा गायिला, की चाळीतील बायांनी त्याला चार वेळा पुन्हा गायला लावले. इतका आनंद आम्ही वसतिगृहाच्या अंगणातही क्वचितच अनुभवला असेल.

रात्री पाणी आणण्यासाठी आम्ही तिघे-चौघे खाली उतरलो. १६० चौरस फुटांची एकेक खोली. त्यांतील एक आमच्या दोन गुरुजींसाठी रिकामी केलेली. त्या घरची लहान मुले बाहेरच्या बोळात गोणपाटावर निजली होती आणि संपात नोकरी गेलेले त्यांचे वडील उघड्या फरशीवर. गच्चीवर आमच्याखाली असलेल्या चादरी कोणाच्या, हे विचारण्याची गरज उरली नाही. कळशी भरून आम्ही मुकाट्याने वर आलो.

वर एक वृद्ध उपासक पवारणेचा अर्थ सांगत होते. वर्षावास संपताना भिक्खू एकमेकांना विनवतात, की माझे काही चुकलेले दिसले, ऐकले वा तशी शंका आली असेल, तर सांगा. खाली पाहिलेले एव्हाना कुजबुजत साऱ्यांच्या कानी गेले होते. आमचा वर्गप्रतिनिधी उठला. दुपारी आम्ही काय बोललो ते त्याने शब्दशः सांगितले. एकही शब्द सौम्य केला नाही. आम्ही सारे उभे राहिलो. ढोलकीवाल्याचा हात थांबला.

आज त्या चाळी पाडून तेथे उंच इमारती उभ्या राहत आहेत. त्या गच्चीवरील शांतता मात्र आम्हांस अजून ऐकू येते.

खिरीच्या पातेल्यापाशी बसलेल्या आजी म्हणाल्या, “पोरांनो, ते मी दुपारीच ऐकलं होतं, जिन्यात. बसा आता. खीर उरलीय, ती कोण संपवणार?”

आणि त्यांनी वर्गप्रतिनिधीच्या ताटलीपासून वाढावयास सुरुवात केली.