नमुन्यांचे दप्तर

आमच्या आंधळगावात अर्जांचेही मोसम असतात. जूनमध्ये शाळा-कॉलेजसाठी दाखले, दिवाळीच्या आगेमागे धान खरेदीची नोंदणी, अधूनमधून कोसा विणणाऱ्यांची ओळखपत्रे आणि कर्जाची प्रकरणे. मायना तोच, नाव आणि गट क्रमांक तेवढा बदलतो. ‘भाऊ, मागच्या साली लिवला होता, तोच काढ ना,’ हे ज्याला सारखे ऐकावे लागते, त्याने संगणकातले फोल्डर लावलेले बरे.

माणसाच्या नावाने फोल्डर करू नये. पुढच्याचा अर्ज काढताना मागच्याचे नाव आठवत बसावे लागते आणि एकाचा खाते क्रमांक दुसऱ्याच्या अर्जात जायची भीती वेगळीच. कोरे नमुने एकीकडे, भरलेले दुसरीकडे. कोऱ्यात नाव-गट क्रमांकाच्या जागी पिवळा रंग द्यावा आणि फाइल रीड-ओन्ली करावी.

फोल्डर लावण्यासाठी कचेऱ्यांमधली सहा गठ्ठे पद्धत पुन्हा पाहिली. काम चालू असलेली प्रकरणे, उत्तराची वाट पाहणारी, ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणपत्रे, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची, नष्ट करायची. यातले पाच गठ्ठे कागदाचे पुढे काय करायचे यावर लागतात. स्थायी आदेशांचा गठ्ठा मात्र विषयावर लागतो, आणि तो टेबलाजवळून हलत नाही. पुन्हा पुन्हा लागणाऱ्या कागदाला वेगळी जागा हवी, हे कारकुनांना संगणकाच्या आधीच कळले होते. आपण मात्र सगळे ‘डाउनलोड’मध्ये टाकतो.

कचेऱ्यांत टाकून द्यायचेही नियम आहेत. ‘अ’ वर्गाचे कागद कायम ठेवायचे, ‘ड’ वर्गाचे वर्षभरात काढायचे. आपल्या फोल्डरात सगळेच ‘अ’.

शासन निर्णयाच्या शेवटी लांबलचक संकेतांक असतो. त्याची सुरुवात वर्ष, महिना, दिवस अशी. फाइलला तोच आकडा पुढे लावून मागे विषय लिहिला, की निर्णय आपोआप तारखेच्या क्रमाने उभे राहतात. अर्जांनाही हीच रीत: 2024-06 आधी, ‘उत्पन्न दाखला’ नंतर. ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘अंतिम खरा’ या नावांना हद्दपार करावे.

कृतिदेवमध्ये टाइप केलेले जुने मसुदे शोधून सापडत नाहीत. त्या फॉन्टशिवाय उघडले तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. सगळे युनिकोडमध्ये आणत बसण्यात अर्थ नाही. ज्याची गरज पडेल तो त्या दिवशी बदलावा. बाकीच्यांच्या फाइलचे नाव तरी युनिकोडमध्ये करावे.

आमचा भाग आधी मध्य प्रांतात, पुढे 1956पर्यंत मध्य प्रदेशात होता. म्हणून इथल्या दप्तरात पश्चिम महाराष्ट्राला फारसे ठाऊक नसलेले कागद भेटतात. पडीत सरकारी जमिनीवरची चराई, सरपण, लाकूड यांचे हक्क निस्तारपत्रकात. पाणी, वाट, मासेमारीच्या वहिवाटी वाजिब-उल-अर्जमध्ये. मालगुजारी तलावावरून वाद निघाला की दुसरा शोधायचा, गुरांच्या वाटेवरूनही तोच. 2006च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा करायचा असेल तर निस्तारपत्रकही जोडता येते.

मग हे कागद कुठल्या फोल्डरात ठेवायचे? तलाव, चराई की वनहक्क? तिन्हींत एकेक प्रत ठेवली की एकीवर दुरुस्ती होते आणि उरलेल्या दोन जुन्याच राहतात. मूळ स्कॅन ‘गावाचे हक्क’मध्ये एकदाच ठेवावा, तिन्ही ठिकाणी त्याचा शॉर्टकट द्यावा. मात्र पेनड्राइव्हवर दुसऱ्याला फोल्डर देताना शॉर्टकट उघडत नाही. त्या वेळी मूळ फाइलच उचलून टाकावी.