पोकिप्सीचा थांबा

भाची फिलाडेल्फियाला पब्लिक हेल्थ शिकायला गेली तेव्हा घरात एक गोष्ट न बोलता ठरली होती. अब्बांना फक्त चांगल्या बातम्या सांगायच्या. कर्जाचा हप्ता, ताप, रडणं, हे सगळं आपाकडे आणि माझ्याकडे. त्यामुळे मे महिन्यात तिनं "खाला, आम्ही चौघीजणी भाड्याची गाडी घेऊन शिकागोपर्यंत जातोय, अकरा दिवस" असं सांगितलं, तेव्हा पुढचं वाक्य मला ठाऊकच होतं. "नानांना सांगू नका."

आपा दोन दिवस माझ्याशीही बोलली नाही. चार मुली, सोबत घरचा पुरुष नाही, मुलूख परका. मी तिची समजूत घातली. पण खरं सांगायचं तर त्यात माझा जुना हिशेब होता. 1999 साली मला औरंगाबादला उर्दू एम.ए.साठी जायचं होतं. अब्बा नाही म्हणाले. संध्याकाळी घरी परतता येईल तेवढंच शिक. मग मी जाऊन-येऊन बी.एड. केलं आणि नोकरी मुंब्र्याला लागली. तेव्हापासून माझा प्रवास म्हणजे कल्याण, ठाकुर्ली, डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा आणि परत. तक्रार नाही, पण विसरलेही नाही.

मुली पिट्सबर्ग, क्लीव्हलँड करत शिकागोला पोचल्या. गाडी चालवायची ती केरळची मुलगी, कारण ती एकटीच पंचविशीच्या पुढची. त्याहून लहान चालक असला की भाडेवाले जादा पैसे घेतात. शिकागोच्या डेव्हन अव्हेन्यूवरून भाचीनं दोन पाट्यांचे फोटो पाठवले. एकाच रस्त्याच्या एका तुकड्याला गांधी मार्ग आणि दुसऱ्याला मोहम्मद अली जिन्ना वे असं मानाचं नाव दिलेलं आहे. मी ते वर्गात दाखवले. पोरं खूप हसली, मग एकानं विचारलं, "टीचर, मध्ये बॉर्डर आहे का?"

परतीच्या वाटेवर नायगारा झाला आणि पैसे संपत आले. आल्बनीजवळच्या मोटेलात चौघी एका खोलीत झोपल्या. रात्रीचं जेवण ब्रेड आणि नागपूरवालीनं जपून ठेवलेली शेंगदाण्याची चटणी. एकमेकींचा कंटाळा आला होता, गाणी कुठली लावायची यावरूनसुद्धा भांडण. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत गाडी परत करायची होती. आणि नेमकी तेव्हाच मी माझी फर्माईश सांगितली: वाटेत पोकिप्सीला थांब.

आनंदीबाई जोशी आमच्या कल्याणच्या. 31 मार्च 1865 चा जन्म, नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. 1883 मध्ये त्या नवऱ्याला मागे ठेवून कलकत्त्याहून जहाजात बसल्या. 11 मार्च 1886 रोजी डॉक्टर झाल्या त्या फिलाडेल्फियातच, म्हणजे भाचीच्याच गावात. जपान आणि सीरियाच्या विद्यार्थिनींबरोबरचा त्यांचा 1885 चा फोटो माझ्या वर्गाच्या भिंतीवर आहे. क्षयानं पोखरलेल्या अवस्थेत त्या परतल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात वारल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. अस्थी पाठवल्या गेल्या अमेरिकेत, थिओडिशिया कार्पेंटर या बाईंकडे. त्यांनीच आनंदीबाईंना आपल्या घरी ठेवून घेतलं होतं. त्यांनी त्या पोकिप्सीला आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत पुरल्या.

कल्याणच्या लेकीची खूण तिथं आहे आणि आमची पोरगी तिथून नुसती पुढे जाणार, हे मला सहन होईना.

रात्री साडेदहाला व्हिडिओ कॉल आला. तिथं दुपारचा एक. उन्हात हिरवळ, जुनी झाडं आणि भाची वैतागलेली. दगड सापडायला पाऊण तास गेला होता. मग तिनं कॅमेरा फिरवला. शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाचं त्यावर इंग्रजीत कोरलंय. तिनं फातिहा पढावी की नुसतं उभं राहावं, असं विचारलं. मी म्हटलं, उभी राहा.

"खाला, आपल्यातलं कोण गेलं होतं?"

मी अतिया फैजींबद्दल सांगितलं. मुंबईच्या. बहीण नाजली जंजिऱ्याची बेगम. 1906 मध्ये लंडनला गेल्या त्या शिक्षिकेचंच शिक्षण घ्यायला, म्हणजे माझं बी.एड. समजा. रोजनिशी उर्दूत लिहून बहिणीला पाठवायच्या, ती लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ'त छापून यायची. अभ्यासक्रम मात्र पुरा न करताच परतल्या.

"मी पुरा करणार," भाची म्हणाली. "फक्त नानांना—"

"दे इकडे," मागून आवाज आला. अब्बा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. कधीपासून, देव जाणे. मी फोन दिला. माझा हात थरथरत होता, या वयात.

त्यांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. मग एवढंच विचारलं, "जोहर दोन पढलीस की चार?"

आमच्यात मुसाफिराला चार रकातींच्या नमाजेत सवलत असते, दोनच पढायच्या. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. ती किती दिवस रस्त्यावर आहे तेही बहुतेक.

"अजून पढायची आहे, नाना. दोन पढेन."

"आणि फिलाडेल्फियाला पोचल्यावर?"

"तिथं चार."

"का? घर तर इथं आहे."

ती गप्प झाली. मग म्हणाली, "पंधरा दिवसांपेक्षा जास्त राहायचं आहे ना, नाना. तिथं मी मुसाफिर नाही धरत."

"बराबर," अब्बा म्हणाले. मसला तिनं चुकवला नव्हता. पण त्यांचा चेहरा पाहून मला बरं वाटलं नाही. फोन माझ्या हातात देऊन ते खाटेवर जाऊन बसले.

मी दिवा मालवायला गेले तेव्हा म्हणाले, "औरंगाबाद किती तास होतं गं रेल्वेनं?"

"तपोवननं सहा तास."

"सहा," ते म्हणाले आणि कूस बदलली.

पहाटे साडेतीनला मेसेज आला. गाडी वेळेत परत केली, दंड लागला नाही.