गाविलगडच्या पायथ्याशीं

अमरावतीहून उत्तरेस सुमारें पन्नास किलोमीटर गेलें म्हणजे वऱ्हाडचें सपाट मैदान संपत येतें आणि समोर सातपुड्याची निळसर रांग उभी राहते. तिच्या पायथ्याशीं परतवाडा. मेळघाटच्या सागवानाच्या वखारी, संत्र्यांचा बाजार, चिखलदऱ्याकडे जाणाऱ्या मोटारी, एवढेंच घटकाभर थांबणाऱ्यास येथें दिसतें. परंतु हें गांव मूळचें लष्करी छावणीचें. हैदराबाद कंटिंजंटची फौज १९०३ पर्यंत येथें असे. शेजारीं अचलपूर, म्हणजे नबाबांचें जुनें एलिचपूर. वायव्येस डोंगरावर भोसल्यांचा गाविलगड. १८०३ च्या युद्धांत हे दोन शेजारी परस्परविरोधी पक्षांत होते, आणि त्यांतला वीर कोण व फितूर कोण, हा वाद येथें अजून मिटलेला नाहीं.

त्या वर्षीं २९ नोव्हेंबरला अडगांव येथें शिंदे-भोसल्यांचा पराभव झाला. भोसल्यांचें पायदळ बेनीसिंहाच्या हाताखालीं गाविलगडावर चढलें. ५ डिसेंबरला जनरल वेलस्ली एलिचपुरास पोंचला व जखमींसाठीं त्यानें तेथें रुग्णालय थाटलें. कर्नल स्टीव्हन्सननें डोंगराला वळसा घालून तोफा गडाच्या उत्तरेस ओढून नेल्या. १५ डिसेंबरला तटाच्या खिंडारांतून इंग्रज आंत शिरले. कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीनें शिड्या लावून आंतला तट ओलांडला व दरवाजा उघडला. बेनीसिंह आणि किल्लेदार, दोघेही रजपूत, प्रेतांच्या राशींत सांपडले. लोकांच्या तोंडीं आतां हे दोघे एक झाले असून ‘किल्लेदार बेनीसिंह’ हेंच नांव चालतें.

इंग्रज लेखक त्यांचें शौर्य मान्य करतात; परंतु त्यांनीं आपल्या बायकामुलींस ठार करण्याचा हुकूम दिला होता व तो पुरता अंमलांत आला नाहीं, असेंही लिहितात. आपल्याकडे त्याच गोष्टीस जोहार म्हणण्याची रीत आहे. ज्यांच्यावर तो प्रसंग गुदरला त्या स्त्रियांचें मत मात्र ना इंग्रजांनीं नोंदलें, ना आपण.

परतवाड्यास आम्ही ज्या कुटुंबांत उतरलों होतों तेथें रात्रीं जेवणानंतर हाच विषय निघाला. घरांतील थोरले काका म्हणाले, “एलिचपूरचा सलाबतखान फितूर! वेलस्लीच्या फौजेंत राहून त्यानें शेजारचा गड पडूं दिला.”

“फितूर कोणाशीं, काका?” पुतण्यानें विचारलें. “तो निजामाचा चाकर. १७९५ सालीं खर्ड्यालाही तो निजामाकडूनच आला होता. त्यानें धनी बदलला नाहीं. शिवाय या शहरांत त्यानें बाग केली, पाण्याचे जुने पाट वाढविले.”

तोंवर मुकाट्यानें वाती वळीत बसलेल्या आजी म्हणाल्या, “तें असूं द्या. पुण्याचे श्रीमंत त्या वेळीं कोणाकडे होते, तेवढें सांगा.”

कोणीच बोललें नाहीं. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं बाजीरावसाहेबांनीं वसईचा तह केला होता. १८०३ सालीं पेशवे इंग्रजांचे दोस्त होते. इतकेंच नव्हे, तर पेशव्यांचें घोडदळ घेऊन बापू गोखले वेलस्लीबरोबर त्या मोहिमेंत होते. तेच बापू गोखले १८१८ च्या फेब्रुवारींत सोलापूर भागांतील अष्टी येथें इंग्रजांशीं लढतां लढतां पडले, आणि आपण त्यांना शूर म्हणून वंदन करतों. तें योग्यच आहे. मग १८०३ सालच्या त्याच पक्षांतील खानाला वेगळा न्याय कां?

डोंगरांतल्या लोकांचा न्याय तर याहून विचित्र. १८१८ च्या मे महिन्यांत इंग्रजांच्या कैदेंतून निसटलेले नागपूरचे आप्पासाहेब भोसले याच सातपुड्याच्या पूर्वभागीं, महादेवाच्या डोंगरांत, गोंडांच्या आश्रयास राहिले. चितू पेंढारी त्यांना मिळाला. तो शेवटपर्यंत शरण गेला नाहीं; रानांत वाघानें त्याला मारलें. त्याचाच प्रतिस्पर्धी करीमखान शरण गेला आणि गोरखपुराकडे जमीन मिळवून प्रतिष्ठित झाला. धंदा दोघांचा एकच होता, आणि ज्या रयतेचीं घरें लुटलीं गेलीं तिला त्या दोघांत फरक दिसला नसेल. गोंडांनीं मात्र संकटांत आलेला पाहुणा सांभाळला. तेवढ्यावरून त्यांना लुटारूंत मोजणें न्यायाचें नाहीं.

गाविलगड पडल्यावर दोनच दिवसांनीं देवगांवचा तह झाला. वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूख भोसल्यांच्या हातून गेला, गड तेवढा त्यांना परत मिळाला. १८५८ सालीं तात्या टोपे तो घेतील या धास्तीनें त्याचे तट पाडण्यांत आले, असें सांगतात.

चिखलदऱ्यास हवा खाण्यासाठीं जाणाऱ्या कुटुंबांनीं एक दिवस गडासाठीं आणि एक अचलपुरासाठीं ठेवावा, अशी आमची सूचना आहे. मुलांना बेनीसिंहाची गोष्ट गडावर सांगावी, सलाबतखानाची अचलपुरांत. आणि परततांना परतवाड्याच्या वाटेवर बापू गोखल्यांची सांगण्यास विसरूं नये.