हलकी गोळी, जड गोळी

नेमबाजीची मासिके नेमबाजांनीच वाचायची असतात, असा एक समज आहे. माझ्या हाती छर्‍यांची बंदूकही कधी आलेली नाही. जत्रेतले फुगेसुद्धा मी दुरूनच पाहिले. तरीही या विषयावरच्या अमेरिकन मासिकांचे जुने अंक सापडले, की अभ्यासाची पुस्तके आपोआप बाजूला सरतात. (प्राध्यापक मंडळींनी हे वाक्य वाचू नये.)

ही परंपरा तशी जुनी. १८८५ साली ‘द रायफल’ निघाले आणि नावे बदलत बदलत १९२३ मध्ये त्याचेच ‘अमेरिकन रायफलमन’ झाले. गोळ्यांच्या वजनाविषयी माणसे पिढ्यान्‌पिढ्या काय म्हणून वाचत राहतात? माझे उत्तर सोपे आहे : भांडणासाठी!

आणि भांडण पाहावे ते जॅक ओ’कॉनर व एल्मर कीथ यांचे. ओ’कॉनर अ‍ॅरिझोना विद्यापीठातला प्राध्यापक, कादंबरीकार, म्हणजे आपल्याच ज्ञातीतला. ‘आउटडोअर लाइफ’मध्ये तो बंदुकांवर लिही. १९२५ साली आलेल्या .२७० विंचेस्टरवर त्याचा भारी जीव. गोळी हलकी, १३० ग्रेनची, म्हणजे साडेआठ ग्रॅमही नाही. पण वेग विलक्षण. कीथ आयडाहोकडचा, गुरे राखलेला, रांगडा गडी. त्याला गोळी जाड आणि जड हवी. त्याच्याच आग्रहातून १९५५-५६ च्या सुमारास .४४ मॅग्नमचे रिव्हॉल्वर आले. दोघांनी वर्षानुवर्षे एकमेकांचे वाभाडे काढले आणि वाचकांत तट पडले. आपल्याकडे गाण्याच्या घराण्यांवरून पडतात, अगदी तसे.

मी ओ’कॉनरच्या बाजूचा. कारण गोळीचे नव्हे, गद्याचे. तो आधी डोंगराचा उतार दाखवतो, वारा दाखवतो, कड्यावरचा रानमेंढा दाखवतो. बंदूक मागाहून येते.

पण हाच माणूस भारतात येऊन वाघ मारून गेला आणि त्यावरही लिहून गेला. १९७२ साली आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी तो ‘आउटडोअर लाइफ’मधून निवृत्त झाला. शिकारीचे मला कौतुक नाही. वाघ जगावा असे मनापासून वाटते. तरी त्याचा लेख वाचताना गवत हलते, ओ’कॉनर बंदूक खांद्याला लावतो, आणि त्याचा नेम चुकू नये म्हणून इकडे मीच श्वास रोखून बसतो.